काम सिस्टरचं, सही डॉक्टरांची

एकदा रात्री दोन वाजता तालुक्याच्या कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात जाऊन बसा. डॉक्टर बहुतेक वेळा ऑन कॉल असतात. पेशंट आला की सिस्टर बीपी बघते, सलाईन लावते, डॉक्टरांना फोन करते. पलीकडून तोंडी ऑर्डर येते, ती इंजेक्शन देते. सही सकाळी होते. पेशंट वाचला तर डॉक्टरांनी वाचवला. काही बरं-वाईट झालं तर पहिला प्रश्न सिस्टरला: "लेखी ऑर्डर नसताना दिलंच कसं?"

नर्सना औषध लिहिण्याचा मर्यादित अधिकार द्यावा का, यावर आपल्याकडे वाद सुरू झाला की "पेशंटच्या जिवाशी खेळ" अशी ओरड होते. अहो, पण काम तर ती आजही करतेच आहे! फक्त कायद्याचं छत्र नसताना करते.

सरकारचा दुटप्पीपणा बघा. झटके येणाऱ्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन पुढे पाठवा, असं सरकारच्याच मार्गदर्शक सूचना एएनएमला सांगतात. म्हणजे जीव जायची वेळ आली की तिच्यावर विश्वास आहे. आणि एरवी? औषध नियमांप्रमाणे चिठ्ठी लिहायची ती नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकानेच.

बरं, शिक्षण कमी आहे म्हणावं तर बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. त्यात औषधशास्त्र आहे, वॉर्डातली ड्यूटी आहे. त्यावर भारतीय परिचर्या परिषदेचा क्रिटिकल केअर नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर रेसिडेन्सी अभ्यासक्रम आहे. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी मिडवाइफरीतल्या नर्स प्रॅक्टिशनरसाठी दीड वर्षाचं प्रशिक्षण आणलं. कोर्स काढले, नाव दिलं 'प्रॅक्टिशनर', आणि प्रॅक्टिसचा अधिकार मात्र दिला नाही. गाडी चालवायला शिकवायचं आणि लायसन्स द्यायचं नाही, असला हा प्रकार.

आता याच महाराष्ट्रात दुसरीकडे काय झालं? २०१४ मध्ये कायदा बदलून, आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा कोर्स केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांना ॲलोपॅथीची औषधं लिहिण्याची वाट मोकळी केली. प्रकरण कोर्टात गेलं, २०२५ मध्ये ॲलोपॅथी डॉक्टरांनी संपही केला. मी होमिओपॅथांच्या विरोधात बोलत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे, की एक वर्षाचा कोर्स तिथे पुरतो, तर सहा वर्षं हीच औषधं शिकलेली आणि रोज स्वतःच्या हाताने देणारी नर्स कुठे कमी पडते? की तिच्या बाजूने मंत्रालयात कोणी वजनदार माणूस नाही, हेच खरं कारण?

"उद्या गल्लोगल्ली बोगस दवाखाने निघतील," असं म्हणणारेही आहेत. भीती खोटी नाही. पण बोगसगिरी फोफावते ती नियम नसतात तिथे. म्हणून सरसकट अधिकार कोणीच मागत नाही. ठरावीक औषधांची यादी करा. परीक्षा घ्या, वेगळी नोंदणी ठेवा. कोणता पेशंट लगेच वर पाठवायचा हे लिहून द्या. चूक केली तर नोंदणी रद्द करा. ब्रिटनमध्ये जादा प्रशिक्षण घेतलेल्या नर्स २००६ पासून जवळपास सगळी औषधं स्वतः लिहितात. तिथे काही आकाश कोसळलं नाही.

आपल्याकडेही २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात कलम ३२ आहे. डॉक्टर नसलेल्या पात्र व्यक्तीला प्राथमिक उपचारांपुरता मर्यादित परवाना देता येईल, असं ते म्हणतं. पण उपकेंद्रातल्या सिस्टरच्या हातात असा परवाना कोणी पाहिलाय का?

एक गोष्ट मात्र सरकारलाही ठणकावून सांगायला हवी. डॉक्टरांची रिकामी पदं झाकायला स्वस्तातली नर्स, असा याचा अर्थ काढू नका. डॉक्टरांची भरती झालीच पाहिजे. नर्सला अधिकार द्याल तर पद कायम द्या, पगार त्या जबाबदारीचा द्या. आज समुदाय आरोग्य अधिकारी कंत्राटावर राबतात, पगाराचा एक भाग कामगिरीवर लटकलेला. तीच तऱ्हा इथे नको.

२०२३ मध्ये संसदेने नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा नवा कायदा केला. १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा. त्यात राज्य आयोगाचीही तरतूद आहे. आपल्या आमदारांना विचारा: नर्स प्रॅक्टिशनरने काय करायचं, काय नाही, हे महाराष्ट्र लेखी कधी ठरवणार?

तुमच्या घरात, शेजारी कोणी सिस्टर असेल तर तिला विचारून बघा मी लिहिलंय ते खरं की खोटं. आणि डॉक्टर मित्रांनो, कमेंटमध्ये जरूर भांडा. पण आधी एवढं सांगा, काल रात्री फोनवरून दिलेल्या ऑर्डरवर सही केलीत ना?