वरातीतलं डावं-उजवं

पुण्यात पु. ल. देशपांड्यांच्या लेखनात डावं-उजवं करणं म्हणजे मोहोळावर दगड मारणं. तरी मारतोच.

दूरदर्शनवर पाहिलेल्या त्यांच्या ‘वाऱ्यावरची वरात’ या रंगमंचीय कार्यक्रमातला आमचा सर्वांत लाडका भाग ‘साक्षीदार’. वकील सरळ विचारतो, पु. ल. तिरकं उत्तर देतात आणि उलटतपासणी वकिलाचीच होऊन बसते. पाठोपाठ श्रीकांत मोघ्यांचे बोरटाके गुरुजी.

नावडते? चक्क नाचगाण्याचे काही तुकडे! रंगमंचावर सगळी पलटण एकदम दिसते. इथे कॅमेरा एकाच्या तोंडाशी गेला, की बाकीच्यांची धमाल चौकटीबाहेर. (संगीत कार्यक्रमातलं संगीतच नावडतं म्हणणारा संपादक तुमच्या नशिबी आला, त्याला इलाज नाही.)

तुमची निवड ८ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे पु. लं.च्या जन्मदिनापर्यंत, कळवा. शिव्या चालतील, अक्षर सुवाच्य हवं.