मदत मागणारा मार्शल, मदत नाकारणारा शेरीफ

‘हाय नून’ आणि ‘रिओ ब्राव्हो’ या दोन चित्रपटांवरून वेस्टर्नच्या चाहत्यांमध्ये पडलेले तट आजही मिटलेले नाहीत. पहिला १९५२ चा, फ्रेड झिनेमान यांनी दिग्दर्शित केलेला, कृष्णधवल, जेमतेम ८५ मिनिटांचा. दुसरा १९५९ चा, हॉवर्ड हॉक्स यांचा, रंगीत आणि सव्वादोन तासांहून लांब. ‘हाय नून’ न आवडल्यामुळेच आपण ‘रिओ ब्राव्हो’ काढला, असे हॉक्स यांनी उघडपणे सांगितले होते. कसलेला शेरीफ गावभर मदत मागत हिंडणार नाही, आणि अखेरीस त्याला बायकोने वाचवावे हे तर मुळीच पटण्यासारखे नाही, असा त्यांचा आक्षेप. जुने चित्रपट नव्याने पाहणारे प्रेक्षक आजही बहुतेक हाच आक्षेप उचलून धरतात, किंवा तो खोडून काढतात. तो कितपत टिकतो, हे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिल्यावरच कळते.

‘हाय नून’ एका रविवारी सकाळी सुरू होतो. हॅडलीव्हिल गावचा मार्शल विल केन (गॅरी कूपर) लग्न करून, बिल्ला उतरवून गाव सोडायच्या बेतात असतो. तेवढ्यात बातमी येते की, त्याने तुरुंगात धाडलेला फ्रँक मिलर सुटला आहे आणि दुपारी बाराच्या गाडीने येतो आहे. मिलरचे तीन साथीदार स्टेशनवर येऊन थांबलेलेच आहेत. पडद्यावरचा वेळ आणि प्रेक्षकाच्या हातावरच्या घड्याळातला वेळ इथे जवळजवळ बरोबरीने चालतो. कचेरीत, हॉटेलात, जिथे तिथे घड्याळे दिसतात आणि बारा वाजत येतात तसा लंबक पडदा व्यापू लागतो. छायालेखक फ्लॉइड क्रॉसबी यांनी आकाश मुद्दाम पांढरेफटक ठेवले. फिल्टर लावून ढगांची शोभा वाढवण्याची त्या काळची रीत झिनेमान यांना नको होती. अमेरिकन यादवीच्या छायाचित्रांतला रखरखीतपणा हवा होता. कूपर तेव्हा पन्नाशीचे होते, प्रकृती बरी नव्हती, आणि चेहऱ्यावरचा शीण चित्रपटाच्या पथ्यावर पडला.

चित्रपटाचा गाभा मात्र चर्चमधल्या प्रसंगात आहे. केन प्रार्थना थांबवून माणसे मागतो. काही जण लगेच उठतात. मग चर्चा सुरू होते. कर भरतो तो कशासाठी? मिलरला सोडले ते वरच्या राजकारण्यांनी, त्यात आपला काय संबंध? शेवटी केनचा मित्र हेंडरसन उभा राहतो, त्याची तोंडभरून स्तुती करतो, आणि त्याच भाषणात सांगतो की, रस्त्यात रक्त सांडले तर उत्तरेकडचे भांडवल गावात यायचे नाही, तेव्हा केनने निघून जावे हेच बरे. बोलणाऱ्यांपैकी कोणीही दुष्ट नाही. भित्रेपणाला व्यवहाराची भाषा कशी सापडते, याचे इतके नेमके चित्रण दुसऱ्या कोणत्याही वेस्टर्नमध्ये नाही. ‘शोले’त इमामसाहेबांच्या मुलाचे प्रेत येते आणि गावकरी ठाकूरवर उलटू पाहतात, तो प्रसंग याच जातकुळीचा, पण रामगढ एका वृद्धाच्या शब्दाने सावरते, हॅडलीव्हिल सावरत नाही.

पटकथाकार कार्ल फोरमन यांना ही माणसे शोधायला दूर जावे लागले नाही. चित्रीकरण चालू असतानाच, सप्टेंबर १९५१ मध्ये, अमेरिकन काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे त्यांची साक्ष झाली. कम्युनिस्ट पक्षातल्या जुन्या सहकाऱ्यांची नावे सांगायला त्यांनी नकार दिला. निर्माते स्टॅन्ली क्रेमर यांच्याशी असलेली भागीदारी तुटली आणि फोरमन इंग्लंडला गेले. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ या १९५७ च्या चित्रपटाच्या लेखनात त्यांचा वाटा होता, पण हॉलिवूडच्या काळ्या यादीत नाव असल्यामुळे पटकथेचे ऑस्कर मूळ कादंबरीकार पिएर बूल यांच्या नावे गेले. फोरमन यांना ते मिळाले मृत्यूनंतर. झिनेमान यांना मात्र ‘हाय नून’ ही राजकारणापेक्षा सदसद्विवेकाची गोष्ट वाटे. त्यांचे आईवडील नाझींच्या ज्यूसंहारात मारले गेले होते.

जॉन वेन यांनी या चित्रपटाला अमेरिकाविरोधी ठरवले. १९७१ च्या एका गाजलेल्या मुलाखतीत त्यांनी असेही सांगितले की, शेवटी मार्शल आपला बिल्ला पायाखाली तुडवतो. चित्रपटात तसे काही नाही. केन बिल्ला काढतो, धुळीत टाकतो आणि बग्गीत बसून निघून जातो. हेच वेन १९५३ च्या ऑस्कर समारंभात कूपर यांच्या वतीने पारितोषिक स्वीकारायला मंचावर गेले होते. पुढे ४ जून १९८९ च्या निवडणुकीसाठी पोलंडमध्ये सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेने कूपर यांचा केनच्या वेशातला फोटो भित्तिपत्रकावर छापला: हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका, छातीवर संघटनेचे चिन्ह. वेन यांना डावा वाटलेला चित्रपट कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध उभा राहिला. चित्रपटाला पक्षाचे लेबल लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

‘रिओ ब्राव्हो’ची पहिली काही मिनिटे शब्दाविना जातात. दारूसाठी हपापलेला ड्यूड (डीन मार्टिन) गुत्त्यात येतो. जो बरडेट त्याला डिवचायला एक नाणे पीकदाणीत फेकतो. ड्यूड ते उचलायला वाकतो, आणि शेरीफ चान्स (जॉन वेन) ती पीकदाणी लाथेने उडवतो. त्यानंतरच्या झटापटीत बरडेट एका निःशस्त्र माणसाला गोळी घालतो आणि गजाआड जातो. केंद्राचा मार्शल येईपर्यंत त्याला सांभाळायचे, आणि त्याचा श्रीमंत भाऊ नेथन भाडोत्री बंदूकवाले आणून गावाची कोंडी करतो, एवढेच कथानक. जुना मित्र व्हीलर आपली माणसे देऊ करतो, तेव्हा चान्स नको म्हणतो. ती माणसे हौशी आणि बायकापोरांच्या काळजीची, समोरचे पैसे घेऊन मारणारे. व्हीलर बोलायचा थांबत नाही आणि त्याच रात्री मारला जातो. चान्सपाशी उरतात दारुडा ड्यूड, लंगडा म्हातारा स्टम्पी (वॉल्टर ब्रेनन) आणि पुढे येऊन मिळालेला पोरसवदा कोलोरॅडो (रिकी नेल्सन).

आता ‘हाय नून’मधले दोन छोटे प्रसंग आठवावेत, कारण चाहत्यांच्या वादात ते सहसा येत नाहीत. एक डोळा गमावलेला एक दारुडा केनकडे येऊन लढायला तयार असल्याचे सांगतो. केन त्याला दारूला पैसे देऊन वाटेला लावतो. चौदा वर्षांचा एक मुलगा सोळाचा असल्याचे सांगून बंदूक मागतो. केन त्याला घरी धाडतो. म्हणजे केन मदत मागतो ती प्रतिष्ठितांकडे, आणि जे आपण होऊन येतात त्यांना परत पाठवतो. चान्स नेमका उलटा वागतो. तो प्रतिष्ठितांना दूर ठेवतो आणि गावाने ओवाळून टाकलेल्यांवर विसंबतो. चान्सला कुणाची गरज नाही, असे चाहते म्हणतात तेही खरे नाही. तो पेचात सापडतो तेव्हा फेदर्स (अँजी डिकिन्सन) कुंडी फेकून खिडकी फोडते आणि कोलोरॅडो त्याच्याकडे रायफल भिरकावतो. शेवटच्या चकमकीत स्टम्पी हुकूम मोडून येतो आणि डायनामाइटच्या कांड्या फेकतो. बायकोने वाचवण्यावर आक्षेप घेणाऱ्या हॉक्स यांच्याच नायकाला एका बाईने वाचवले आहे.

केनच्या बायकोबद्दलचा त्यांचा आक्षेप तर अन्यायाचा आहे. वडील आणि भाऊ गोळीला बळी पडल्यावर एमी (ग्रेस केली) अहिंसा मानणाऱ्या क्वेकर पंथात गेलेली असते. ती बंदूक उचलते तेव्हा केनपेक्षा अधिक गमावते.

‘रिओ ब्राव्हो’ रेंगाळतो, अशी तक्रार नवे प्रेक्षक करतात. तुरुंगात बसून मार्टिन आणि नेल्सन गाणे म्हणतात, तिथे अनेकांचा धीर सुटतो. पण त्याच्या थोडेच आधी, बाहेरून शत्रूने वाजवायला लावलेली, दयामाया नाही असे बजावणारी ‘देग्वेयो’ची सुरावट ऐकू येत असताना, ओठांशी नेलेली दारू ड्यूड एक थेंबही न सांडता बाटलीत परत ओततो. थरथरणारा हात स्थिर झाला, म्हणून ती माणसे गातात. दोन्ही चित्रपटांचे संगीत दिमित्री टिओम्किन यांचे आहे. ‘हाय नून’ला चार ऑस्कर मिळाले, ‘रिओ ब्राव्हो’ला एक नामांकनही मिळाले नाही.

बांधणीत ‘हाय नून’ सरस आहे, माणसांच्या सहवासात ‘रिओ ब्राव्हो’. पहिल्यांदाच पाहणाऱ्यांनी आधी ‘हाय नून’ पाहावा, दुसऱ्याच दिवशी ‘रिओ ब्राव्हो’. आणि चर्चमधले भाषण व तुरुंगातले गाणे, या दोन जागी चित्रपट पुढे पळवू नये.