मक्ता कामाचा, जबाबदारीचा नव्हे

१ ऑगस्ट २०२३ पासून देशातील ३०० नामांकित औषधांच्या वेष्टनांवर क्यूआर कोड किंवा बारकोड अनिवार्य झाला. त्यात उत्पादक, बॅच क्रमांक, मुदत व परवाना क्रमांक यांची नोंद असते. पडताळणीची ही यंत्रणा उभारण्याचे व चालविण्याचे काम उत्पादकाने बाहेरच्या संस्थेकडे सोपविले, तर त्यात मला गैर वाटत नाही. आपणही रक्ताचे नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत धाडतोच. तथापि उपचारांचे उत्तरदायित्व आपलेच राहते. हाच न्याय येथेही असावा. कोडची नक्कल छापणे अवघड नाही. मूळ नोंदींशी ताडल्याखेरीज खरेखोटे उमगत नाही. म्हणून मक्तेदार बदलला तरी, औषधाची मुदत संपेपर्यंत त्या नोंदी उपलब्ध ठेवणे उत्पादकावर बंधनकारक असावे. कारण रुग्ण विश्वास ठेवतो तो कोडवर नव्हे, आपल्या चिठ्ठीवर.