अर्ध्या तिकिटाचा प्रवास

देशाटनाने शहाणपण येते, हे आपण सर्वांनीच शाळेत ऐकले आहे. देशाटनाला भाडे लागते आणि घरची परवानगी लागते, हे मात्र कोणी शिकवत नाही. एस.टी.त २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धे तिकीट झाले. चांगलेच झाले. पण अर्ध्या तिकिटालासुद्धा परवानगी पुरीच लागते! यंदा सहलीच्या यादीत ज्या मुलींची नावे नव्हती, त्यांत मी एक.

अशा वेळी वडीलधारी मंडळी प्रवासवर्णने वाचायला सांगतात. मी वाचली. पण प्रवासवर्णनाचा लेखक सारे पाहून सुखरूप घरी परतलेला असतो. पुढे काय होणार याची धास्ती त्याला नसते, मग आपल्याला कुठून असणार? प्रेमाच्या कादंबरीत तसे नाही. तिथे नायिकेबरोबर आपणही परक्या गावात उतरतो, आणि समोरून कोण येईल याचा नेम नसतो. ‘प्रेमकथा’ म्हटले की नाक मुरडणाऱ्यांना हे पटत नाही, म्हणून उदाहरणच देते.

जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ १८१३ साली प्रसिद्ध झाली. मी ती शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. तिच्यातली एलिझाबेथ मामा-मामींबरोबर उत्तर इंग्लंडातील सरोवरे पाहायला निघणार असते. तिचा आनंद पोटात मावत नाही. आणि ऐन वेळी मामांच्या धंद्याची अडचण निघते, दिवस कमी पडतात, सरोवरे रद्द! आता डर्बीशायरवर समाधान मानायचे. तिची ती निराशा समजायला मला शब्दकोश लागला नाही.

डर्बीशायरचे वर्णन करण्याचा आपला हेतू नाही, असे लेखिका स्वच्छ सांगते. वाटेतल्या ऑक्सफर्ड, बर्मिंगहॅमची नुसती नावे घेऊन ती पुढे जाते. थांबते ती पेंबर्लीच्या वाड्यापाशी. वाडा डार्सीचा, म्हणजे एलिझाबेथने ज्याला लग्नाला नकार दिला त्याचा! त्या काळी थोरामोठ्यांचे वाडे प्रवाशांना पाहायला मिळत. धनी घरी नाही अशी खात्री करून घेऊन मगच ती जायला तयार होते. कारभारीण एकेक दालन दाखवते आणि एलिझाबेथ खिडक्यांतून बाहेर पाहत राहते. टेकडी तीच, नदी तीच, पण दर खिडकीतून निराळी. या घराची आपण मालकीण झालो असतो, हे मनात असताना नुसत्या पाहुणीच्या डोळ्यांनी कसे पाहता येईल? आमच्या गावची नदी मी रोज पाहते, पण अशी कधी पाहिली नव्हती. बाहेर येते तो डार्सी पुढ्यात!

पेंबर्ली काल्पनिक आहे. म्हणजे सहलीला गेलेल्यांनाही तिथे तिकीट काढून जाता यायचे नाही. (हे मी थोडे मत्सराने लिहिते आहे.)

यावरून कोणी म्हणेल, मुलींना कादंबऱ्या दिल्या की झाले, सहल कशाला? हा अर्थ मला साफ नामंजूर आहे. कादंबरीने प्रवासाची हौस भागत नाही, उलट वाढते. एलिझाबेथची सहल अर्धी झाली, पण झाली. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. मुक्कामाची सहल म्हणजे काय, तिथे कोण सोबत असते, हे आई-दादांना मी सांगून पटत नाही. पुढच्या वर्षी यादी लागण्याआधी आपल्यापैकी एखाद्या बाईंनी आमच्या घरी येऊन दोन शब्द बोलावेत, एवढीच विनंती. आई चहा करील. नदी मी दाखवीन.