मशीन खोटं बोलत नाही, हीच तर गोची आहे!

मित्रहो, अमेरिकेत एम.एस. करायला किंवा कंपनीतर्फे 'ऑनसाइट' गेलेल्या आपल्या सीनियर मंडळींचा एक ठरलेला कार्यक्रम असतो. लाँग वीकएंड आला की चार-पाच जणांनी मिळून गाडी भाड्याने घ्यायची, दिवसा ग्रँड कॅन्यन बघायचा आणि रात्री लास व्हेगास गाठायचं. तिथून परतल्यावर त्यांच्यातला एखादा हुशार गडी ज्युनियर लोकांना एक फंडा हमखास ऐकवतो. "स्लॉट मशीन बिनडोक लोकांसाठी असतं रे. आपण गणितवाले, आपण व्हिडिओ पोकर खेळायचं. ९९.५४ टक्के पैसे परत येतात! वर कॅसिनोवाले खोली देतात, जेवण देतात. फुकटात सुट्टी!"

आता मी काही व्हेगासला गेलेलो नाही. पण गणित करायला व्हिसा लागत नाही, आणि प्रोबॅबिलिटीचं युनिट आपण सगळ्यांनीच (पाठ करून का होईना) पास केलेलं आहे. म्हणून हा फंडा जरा तपासून बघू. माझं मत आधीच सांगून टाकतो: ९९.५४ हा आकडा शंभर टक्के खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चूक आहे.

आधी खेळ काय आहे ते बघू. पडद्यावर पाच पानं येतात. हवी ती ठेवायची, नको ती टाकायची, टाकलेल्यांच्या बदल्यात नवी पानं मिळतात आणि डाव संपला. समोर दुसरा खेळाडू नाही, डोळा मारणारा पार्टनर नाही. गुलामाची किंवा त्यावरची जोडी आली की लावलेले पैसे परत, दोन जोड्यांना दुप्पट, एकाच रंगाची पाच पानं (आपल्या तीन पत्तीतला 'कलर') आली तर सहापट, तीन अधिक दोन आली तर नऊपट. आणि एकाच रंगाची दहा, गुलाम, राणी, राजा, एक्का अशी ओळ लागली, म्हणजे 'रॉयल फ्लश', तर तब्बल ८०० पट! मात्र त्यासाठी दर डावाला पाच क्रेडिट लावावी लागतात. कमी लावलीत तर हाच दर २५० वर येतो. साय रेड नावाच्या गृहस्थांच्या कंपनीने, म्हणजे पुढच्या आयजीटीने, १९७९ च्या सुमारास हे मशीन बाजारात आणलं आणि १९८० च्या दशकात ते नेवाडाभर पसरलं.

आता गंमत बघा. कॅसिनोतलं हे सगळ्यांत प्रामाणिक मशीन आहे. नेवाडाच्या नियमाप्रमाणे पत्ते दाखवणाऱ्या मशीनमध्ये प्रत्येक पान येण्याची शक्यता खऱ्या ५२ पत्त्यांच्या जोडाइतकीच असावी लागते. स्लॉट मशीनच्या पोटात काय टक्केवारी भरली आहे ते बाहेरून कोणालाच कळत नाही. इथे मात्र बक्षिसांचा तक्ता समोर छापलेला असतो. बावन्नातून पाच पानं २५,९८,९६० प्रकारे येतात आणि प्रत्येक हातात कोणती पानं ठेवायची याचे फक्त ३२ पर्याय असतात. आपल्यापैकी कोणीही एका रात्रीत प्रोग्रॅम लिहून मशीनची सगळी कुंडली मांडू शकेल. ९९.५४ हा आकडा असाच निघालेला आहे.

पण तो निघतो दोन अटींवर. पहिली अट तक्त्याची. कलरला ६ आणि तीन-दोनला ९ असेल तरच ९९.५४. तेच आकडे ५ आणि ८ केले की परतावा ९७.३० वर येतो आणि ५ आणि ६ केले की ९५! मशीन तेच, रंग तोच, आवाज तोच. फक्त दोन आकडे बदलले. मेसच्या फळ्यावर 'मटर पनीर' रोज त्याच अक्षरात लिहिलेलं असतं, वाटीत पनीरचे तुकडे किती ते मोजणारा विरळा, तसंच हे. व्हेगासच्या मुख्य रस्त्यावरच्या झगमगीत हॉटेलांत कमी पैशांच्या मशीनवर बहुधा हा हलका तक्ताच भेटतो.

दुसरी अट म्हणजे प्रत्येक डाव बिनचूक खेळायचा. आता समजा तुमच्या हातात इस्पिकचे दहा, गुलाम, राणी, राजा आणि वर इस्पिकचीच चौकी आली. कलर लागला, सहापट पैसे हातात आले. काय कराल? गणित म्हणतं, चौकी फेकून द्या! उरलेल्या ४७ पानांत इस्पिकचा एक्का एकच आहे, ८०० भागिले ४७ म्हणजे एकट्या रॉयलचेच सरासरी १७ झाले. सहा कुठे आणि सतरा कुठे! पण ४७ पैकी ४६ वेळा तो एक्का येत नाही आणि बहुतेक वेळा हातातले सहाही जातात. हा निर्णय वहीवर सोपा आहे. रात्री दोन वाजता, सलग पाचव्या तासाला, खिसा हलका झालेला असताना तो तितका सोपा राहत नाही.

बरं, समजा तुम्ही रँकर आहात, दोन्ही अटी पाळता. मग तरी? इथेच आपली खरी गफलत होते. ९९.५४ टक्के ऐकलं की वाटतं, शंभर डॉलर घेऊन गेलो की साडेनव्याण्णव घेऊन परत येऊ. तसं नाही राव! ही टक्केवारी खिशातल्या पैशांवर नाही, फिरवलेल्या पैशांवर आहे. हात बसलेला माणूस तासाला साधारण ६०० डाव खेळतो. पाव डॉलरच्या मशीनवर पाच क्रेडिट लावली की डावाला सव्वा डॉलर, म्हणजे तासाला ७५० डॉलर फिरतात. चार दिवसांच्या सुट्टीत रोज पाच तास बसलात तर १२,००० डाव आणि १५,००० डॉलरची उलाढाल! उत्तम तक्त्यावर, एकही चूक न करता, त्यातले सरासरी ७० डॉलर जातात. हलक्या तक्त्यावर, तेवढीच हुशारी वापरून, ७५०.

"सत्तर डॉलर म्हणजे स्वस्तच की!" असं कोणी म्हणेल. थांबा, सरासरी नावाची बाई फार फसवी असते. त्या ९९.५४ मधले जवळजवळ २ टक्के एकट्या रॉयल फ्लशचे आहेत आणि ती लागते साधारण ४०,००० डावांत एकदा. म्हणजे १२,००० डाव खेळणाऱ्या चार जणांपैकी तिघांना ती दिसतच नाही. त्या तिघांचा सरासरी तोटा ७० नाही, साडेतीनशेच्या वर असतो. चौथ्याला एका फटक्यात १,००० डॉलर मिळतात. आता सांगा, परत आल्यावर ग्रुपवर फोटो कोण टाकणार? आणि गप्प कोण बसणार? आपल्या कानावर ज्या विजयगाथा येतात त्या सगळ्या त्या चौथ्याच्या असतात. सँपलच बायस्ड, मग निष्कर्ष कुठला बरोबर यायला!

यातून आणखी एक गोष्ट निघते. चार दिवसांच्या खेळात नशिबाचा झोका पाच-सहाशे डॉलर इकडे नाही तर तिकडे इतका मोठा असतो, की तुम्ही हुशारीने खेळलात की भंकस केलीत हे निकालावरून कळतच नाही. चुकीचं खेळणारा हसत परततो, बरोबर खेळणारा हात हलवत. व्हायवाला उत्तर काहीही दिलं तरी मार्क चिठ्ठ्या टाकून मिळणार असतील, तर त्यातून कोण काय शिकणार?

आता खरे अभ्यासू लोक म्हणतील, "अरे, शंभरच्या वर परतावा देणारी मशीनही असतात." बरोबर. 'ड्यूसेस वाइल्ड' म्हणजे दुरी हुकमी असलेल्या खेळाचा एक तक्ता बिनचूक खेळल्यावर १००.७६ टक्के देतो. आता तो शोधून सापडणं कठीण झालंय, पण सापडला असं धरू. पाव डॉलरच्या मशीनवर तासाला ७५० चे ०.७६ टक्के, म्हणजे ५ डॉलर ७० सेंट. अमेरिकेत २००९ पासून केंद्र सरकारने ठरवलेलं किमान वेतन तासाला ७ डॉलर २५ सेंट आहे. म्हणजे हजारो रुपयांचं विमानाचं तिकीट काढून, तक्ते पाठ करून, चूक न करता तासन् तास बटणं दाबून तुम्ही तिथल्या किमान मजुरीपेक्षाही कमी कमावणार. त्यालाही हमी नाही! याला सुट्टी म्हणायचं की नाइट शिफ्ट?

आणि ती फुकट खोली? मशीनमध्ये घातलेल्या तुमच्या क्लबकार्डावर प्रत्येक डाव नोंदवला जातो. तुमच्याकडून सरासरी किती तोटा येणार हे कॅसिनो आधीच काढतो आणि त्यातलाच एक वाटा खोली-जेवणाच्या रूपाने परत देतो. म्हणजे डिपॉझिटमधून पैसे कापून त्यातूनच तुम्हाला चहा पाजायचा!

पैशाचं एक वेळ सोडा. नताशा डाऊ शूल या संशोधक बाईंनी व्हेगासच्या मशीनवर खेळणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षे वावरून २०१२ मध्ये 'अ‍ॅडिक्शन बाय डिझाइन' हे पुस्तक लिहिलं. त्यात भेटणारे अट्टल खेळाडू जिंकण्यासाठी खेळत नाहीत. मशीनसमोर बसल्यावर वेळ, भूक, घर, कर्ज सगळं विसरायला लावणारी एक अवस्था येते, ती टिकावी म्हणून ते खेळतात. व्हिडिओ पोकरमध्ये तर दर सहा सेकंदांनी एक छोटा निर्णय घ्यायचा असतो. आपण डोकं चालवतोय, म्हणजे आपलाच कंट्रोल आहे असं वाटत राहतं. आणि डोकं चालवायला आवडणारी जमात कोणती? आपलीच!

मला बोलायचंय ते या मुद्द्यावर. 'यात कौशल्य आहे, म्हणून हा जुगार नाही' हे वाक्य आपल्या होस्टेललाही नवं नाही. रमीच्या आणि फँटसी टीमच्या ॲपवाल्यांनी वर्षानुवर्षे हेच ऐकवलं, आणि महिन्याच्या पंधरा तारखेला मेसचे पैसे संपलेली मुलं प्रत्येक मजल्यावर सापडत होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि त्यात कौशल्य की नशीब हा भेदच ठेवला नाही. बंदी योग्य की अयोग्य यावर वाद घाला. पण व्हिडिओ पोकर एक गोष्ट आकड्यांत दाखवून देतं: कौशल्य खरं असू शकतं आणि तरीही ते फक्त तोटा कमी करतं, नफ्यात नेत नाही. कौशल्य आहे का, हा अर्धाच प्रश्न झाला. पूर्ण कौशल्य वापरल्यावर हातात काय उरतं, हा पुढचा अर्धा.

तेव्हा मित्रहो, उद्या तुमच्यापैकी कोणी व्हेगासला गेलंच तर जरूर जा, दिवे बघा, कारंजी बघा. मशीनसमोर बसावंसं वाटलं तर आधी तक्ता वाचा, कलरला किती आणि तीन-दोनला किती ते बघा, तासांचा आणि पैशांचा आकडा बसण्यापूर्वी ठरवा आणि तो सिनेमाच्या तिकिटासारखा खर्ची टाका. कमाईची भाषा मात्र नको. आणि एखादा सीनियर ९९.५४ सांगायला लागला तर त्याला नम्रपणे एवढंच विचारा, "दादा, किती डावांचे?"

बघा पटतंय का!

— अंतिम वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन