वाढली ती मोजदाद

अमेरिकेत 2003 साली पालकांची मोठी पाहणी झाली. 4 ते 17 वर्षांच्या 7.8 टक्के मुलांना डॉक्टरांनी एडीएचडीचं, म्हणजे अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता यांच्या विकाराचं, निदान केल्याचं तेव्हा समजलं. 2022 मध्ये, 3 ते 17 या वयोगटात, हाच आकडा 11.4 टक्क्यांवर होता. म्हणजे 70 लाखांहून अधिक मुलं. असे आकडे आले की बोट लगेच मोबाइलकडे आणि हल्लीच्या आईबापांच्या लाडांकडे जातं. इतिहास या आरोपाला दुजोरा देत नाही.

अलेक्झांडर क्राइटन या स्कॉटिश वैद्याने 1798 मध्येच जन्मजात अस्थिर अवधानाचं वर्णन करून ठेवलं आहे. 1902 साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी तीन व्याख्यानं दिली. बुद्धी शाबूत, पण मनाला लगाम नाही, अशी मुलं त्यांनी डॉक्टरांपुढे मांडली. दोष नैतिक संयमाचा आहे, असं त्यांना वाटलं. त्यांच्या नोंदींत मुलगे जास्त, मुली थोड्या. मुलींकडे होणारं दुर्लक्ष पुढे जवळजवळ शतकभर टिकलं. कारण वर्गात धुडगूस घालणारा मुलगा शिक्षकांना छळतो. खिडकीबाहेर बघत बसलेली मुलगी कुणालाच त्रास देत नाही. तिला वेंधळी म्हटलं की विषय संपतो.

जगभरच्या 102 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांमधलं प्रमाण निघालं सुमारे 5.3 टक्के. त्याच संशोधकांनी 2014 मध्ये पुन्हा तपासलं. एकाच मापाने मोजलं तर तीन दशकांत वाढ दिसत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. मुलं तितकीच चंचल आहेत, त्यांना ओळखणारे डोळे वाढले.

व्याख्याही रुंदावत गेली. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या 1968 च्या ग्रंथात या विकाराच्या नावातच बालपण होतं; वयात आल्यावर तो ओसरतो, अशी समजूत होती. 1980 मध्ये भर अवधानावर आला, त्यामुळे शांत बसणारी मुलंही निदानात आली. 2013 मध्ये लक्षणं सातव्याऐवजी बाराव्या वर्षाच्या आत दिसली तरी पुरे, असं ठरलं आणि मोठ्यांसाठी निकष थोडे सैल झाले. 2023 मध्ये अमेरिकेतल्या सुमारे 6 टक्के प्रौढांनी आपल्याला हे निदान झाल्याचं सांगितलं. त्यांतल्या निम्म्या लोकांना ते अठराव्या वर्षानंतर कळलं. शाळा, परीक्षा, पहिली नोकरी, सगळं त्यांनी 'आळशी' हा शिक्का घेऊन पार केलं होतं.

चुका उलट बाजूनेही होतात, आणि त्या लपवू नयेत. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळाप्रवेशाची वयमर्यादा 31 डिसेंबरला ठरते. तिथे डिसेंबरात जन्मलेल्या, म्हणजे वर्गातल्या सर्वांत लहान मुलग्यांना जानेवारीतल्यांपेक्षा 30 टक्के अधिक आणि मुलींना 70 टक्के अधिक निदान झाल्याचं 2012 च्या अभ्यासात दिसलं. निव्वळ कोवळं वय आजार ठरत होतं. म्हणून शिक्षकांनो, तक्रार करण्याआधी हजेरीपटावरची जन्मतारीख जरूर पाहा.

निदान अचूक झालं तरी पुढे प्रश्न हक्कांचा येतो. आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. त्यांत स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही. ते त्या यादीत यायलाच हवं.