एका क्लबचे दोन फोर्क

ओपन सोर्समधे 'फोर्क' हा शब्द आपण येता-जाता वापरतो. प्रोजेक्ट चालवणाऱ्यांशी पटलं नाही की सोर्स कोड उचलायचा, नवं नाव द्यायचं आणि वेगळी चूल मांडायची. २०१० मधे ओपनऑफिसचं हेच झालं. नाव ओरॅकलकडे राहिलं, माणसं उठून लिब्रऑफिसकडे गेली. पण फुटबॉल क्लबचा फोर्क होऊ शकतो का? तिथे उचलायला कोड कुठाय? करंडक, नाव, खेळाडूंचे करार, सगळं जुन्याकडेच राहतं. निघून जाणाऱ्याकडे उरतात फक्त घसे.

सायप्रसच्या राजधानीत, म्हणजे निकोसियात, हे दोनदा झालंय. आणि दोन्ही वेळा ओमोनिया या एकाच क्लबच्या बाबतीत.

पहिला किस्सा १९४८ चा. सायप्रसवर तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि तिकडे ग्रीसमधे यादवी युद्ध पेटलं होतं, एकीकडे सरकार आणि दुसरीकडे कम्युनिस्ट. निकोसियातला मोठा क्लब होता अपोएल. मे महिन्यात अपोएलच्या कार्यकारिणीने ग्रीसच्या अ‍ॅथलेटिक्स संघटनेला शुभेच्छांची तार पाठवली, आणि त्या तारेत कम्युनिस्टांचं बंड लवकर संपो अशीही इच्छा टाकली. खेळाच्या तारेत हे कशाला? क्लबच्या काही खेळाडूंनी नेमकं हेच विचारलं. उत्तर म्हणून त्यांना क्लबमधून काढण्यात आलं. मग ४ जूनला डॉ. मॅथेओस पापापेत्रू यांच्या पुढाकाराने बैठक झाली आणि नवा क्लब निघाला. नाव ओमोनिया, म्हणजे ग्रीकमधे एकोपा. भांडणातून जन्मलेल्या क्लबचं नाव एकोपा! नावं ठेवणाऱ्याची विनोदबुद्धी दांडगी असावी, किंवा अजिबातच नसावी.

हे लोण निकोसियापुरतं राहिलं नाही. फामागुस्तात नेआ सालामिना आणि लार्नाकात आल्की हे डाव्या विचारांचे क्लबही त्याच वर्षी निघाले. अधिकृत फुटबॉल संघटनेशी त्यांचं जमलं नाही, म्हणून त्यांनी स्वतःची वेगळी संघटना काढून वेगळी लीग चालवली. १९५३ मधे दिलजमाई झाली आणि ओमोनिया मुख्य लीगमधे आला. (गंमत म्हणजे ही दिलजमाई होते न होते तोच १९५५ मधे तुर्की सायप्रियट क्लब मूळ संघटनेतून बाहेर पडले. त्यातल्या चेतिनकाया क्लबने १९५१ ची लीग जिंकली होती. देशाची फाळणी १९७४ ची, फुटबॉलची त्याच्या बरीच आधीची.)

पहिली लीग जिंकायला ओमोनियाला १९६१ साल उजाडलं. पण त्यानंतर जो काळ आला त्याला तोड नाही. १९७४ ते १९८५ या बारा वर्षांत त्यांनी अकरा वेळा लीग जिंकली. मधलं फक्त १९८० अपोएलला मिळालं. सोटिरिस कायाफास हा त्यांचा स्ट्रायकर. १९७५-७६ च्या मोसमात त्याने ३९ गोल केले आणि युरोपातला सगळ्यात जास्त गोल करणारा म्हणून 'गोल्डन बूट' मिळवला. तारखा बघा जरा. १९७४ च्या उन्हाळ्यात आधी लष्करी उठाव, मग तुर्कस्तानचं आक्रमण, बेट दोन तुकड्यांत, लाखोंच्या संख्येने माणसं बेघर. त्यानंतर दोनच वर्षांत हा पठ्ठ्या युरोपात पहिला! घर, गाव, जमीन सगळं गेलेल्या माणसाला रविवारी दुपारी हिरवा शर्ट घालून कुठेतरी जायचं होतं, आणि तिथे गेल्यावर त्याची टीम जिंकत होती. क्लब 'लोकांचा' आहे हे वाक्य भाषणात आलं की मला कंटाळा येतो, पण इथे त्याला काहीतरी अर्थ होता.

आता दुसरा किस्सा. ओमोनिया आणि अपोएल १९९९ पासून एकाच स्टेडियममधे खेळत आलेत, जीएसपी त्याचं नाव. उत्तरेच्या स्टँडमधे ओमोनियाचे 'गेट ९' वाले, चे गव्हेराची चित्रं घेऊन. दक्षिणेला अपोएलवाले, ग्रीसचे झेंडे घेऊन. 'गेट ९' १९९२ चं. ही मंडळी संत वगैरे नाहीत. अशा कडव्या समर्थकांच्या गटांबरोबर जी मारामारी, जी दादागिरी येते ती इथेही आली. पण क्लबवर जीव मात्र होता. २०१३ मधे सायप्रसच्या बँका कोसळल्या तेव्हा ओमोनियाही गळ्यापर्यंत कर्जात होता, आणि समर्थकांनी वर्गणी काढून क्लबला हात दिला. बँकेत अडकलेले स्वतःचे पैसे मिळतील की नाही माहीत नाही, आणि लोक क्लबला पैसे देतायत!

पण वर्गणीने क्लब चालत नाही हे उघड होतं. समोर अपोएल २०१३ ते २०१९ ओळीने सात वेळा लीग जिंकत होता. आणि हा तोच अपोएल, जो २०१२ मधे चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत रेआल माद्रिदशी खेळून आला होता. एकाच मैदानात आठवड्याआड हे बघायचं म्हणजे काय हाल होत असतील. शेवटी २०१८ मधे ओमोनियाच्या सभासदांनी मतदान करून फुटबॉलचा कारभार स्टावरोस पापास्टावरू या उद्योजकाच्या कंपनीकडे सोपवला. 'गेट ९'चा याला ठाम विरोध होता. ते उठले आणि जुलै २०१८ मधे त्यांनी आपला क्लब काढला. नावातच १९४८ घातलं, म्हणजे वारसा आमचा, उरलेलं तुम्ही ठेवा! आणि सुरुवात केली अगदी तळातल्या हौशी लीगपासून.

पुढे काय झालं ते पापास्टावरूंच्या बाजूने बोलतं. हेनिंग बर्ग कोच म्हणून आले, २०२१ मधे अकरा वर्षांनी लीग मिळाली, क्लबची एकविसावी. २०२२ आणि २०२३ मधे कप. मग म्हणायचं का, की निघून गेलेले मूर्ख होते?

मला तसं वाटत नाही. त्यांचा प्रश्न 'टीम जिंकेल का' हा नव्हताच. प्रश्न होता, उद्या निर्णय कोण घेणार? आता कोणी म्हणेल, अहो पण मतदान झालं ना, बहुमत होतं ना! होतं, आणि खरी मेख तिथेच आहे. मतदान मालकी देऊन टाकण्यासाठी होतं. एकदा फुटबॉल कंपनीकडे गेलं की पुढच्या कोचबद्दल, तिकिटांच्या दराबद्दल सभासद हात वर करू शकत नाहीत, मालक ऐकेल अशी आशा करू शकतात. मालक चांगला निघाला हे नशीब झालं, व्यवस्था नव्हे. आपल्या धंद्यात लायसन्स बदलतात तेव्हा हेच होतं. आजचा मालक सज्जन आहे म्हणून कोणी लायसन्स वाचायचं सोडत नाही.

पण 'गेट ९'चं सगळंच मला पटतं असंही नाही. जे राहिले ते विकले गेले, हा सूर मला खटकतो. पन्नास वर्षं त्याच टीमला बघणाऱ्या म्हाताऱ्याने हौशी लीगच्या मैदानावर जाऊन तत्त्वं जपावीत ही अपेक्षा थोडी क्रूर आहे. त्याने कर्जाचे दिवस पाहिलेत, त्याला मरण्याआधी एक लीग हवी होती. ती त्याला मिळाली, आणि त्याच्या आनंदावर बोट ठेवणारे आपण कोण?

ऑक्टोबर २०२२ मधे ओमोनिया युरोपा लीगमधे मँचेस्टर युनायटेडशी खेळला. निकोसियात २-३ हरला. ओल्ड ट्रॅफर्डवर गोलकीपर फ्रान्सिस उझोहो नुसता भिंतीसारखा उभा होता. बारा बॉल अडवले आणि अगदी भरपाईच्या वेळेत एक गेला, ०-१. जगभर उझोहोचं कौतुक झालं. त्या मॅचबद्दल मला वेगळंच आवडलं. समोरच्या मँचेस्टर युनायटेडचाही फोर्क झालेला आहे! २००५ मधे ग्लेझर कुटुंबाने क्लब विकत घेतला तेव्हा चिडलेल्या समर्थकांनी 'एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर' काढला, तोही खालच्या लीगमधून. म्हणजे मैदानावर दोन मोठे क्लब, आणि दोघांचेही काही सगळ्यात जुने, सगळ्यात हट्टी समर्थक त्यांना सोडून दुसरीकडे कुठेतरी, छोट्या स्टँडमधे उभे राहून दुसऱ्याच टीमसाठी घसा फोडणारे.